वेतनवाढीचे पेढे

बजाजनगरातल्या कामगारांची निम्मी पोरं मनकर्णाबाईंच्या अंगणवाडीत बोलायला शिकली. बाईंनी त्यांची नाकं पुसली, वजनं केली, खिचडी भरवली. निवडणूक आली की उन्हातान्हात घरोघर फिरून मतदारही नोंदवले. पण सरकार त्यांना जे देई, त्याला पगार म्हणायची सोय नव्हती. त्याचं नाव मानधन. आणि मानधनावर राबणाऱ्याला पेन्शन नसते. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, निवृत्ती तोंडावर आलेली. पुढं खायचं काय, हा घोर बाईंच्या जिवाला लागला होता.

म्हणून अंगणवाडीच्या सगळ्याजणी संपावर गेल्या. आमदार स्वतः मंडपात आले, "या अधिवेशनात तुमच्या मानधनाचं वेतन करून घेतो," असा शब्द दिला, आणि भोळ्या बायांनी संप मागं घेतला.

अधिवेशन चालू असताना एका दुपारी मदतनीस जहांआरा धावत आली.

"बाई, मंजूर हो गया! टीव्हीपर देखी मैं. वेतनवाढीचं विधेयक! सगळे एका आवाजात होय बोलले, विरोधकसुद्धा!"

"वेतन म्हणले? मानधन नाय?"

"वेतनच. अपने कान से सुनी मैं."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या दिवशी आमदार मुंबईहून आल्याचं कळलं, तशा दोघी रिक्षा करून औरंगपुऱ्यात त्यांच्या कार्यालयात गेल्या. वाटेत चांगल्या दुकानातून पेढे घेतले.

आमदारांनी पेढा तोंडात टाकला. "वा, मावशी! आम्हा आमदारांचा पगार वाढला म्हणून पेढे आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आमच्या घरच्यांनासुद्धा सुचलं नाही!"

कार्यकर्ते खो खो हसले. जहांआरानं मान खाली घातली. बाईंना आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा स्वतःचाच संताप आला. वेतन हा शब्द ऐकला तेव्हाच ओळखायला हवं होतं, की ही बातमी आपली नव्हं.

"आन् आमचं, सायेब?"

"त्यासाठी समिती नेमू की. तोवर मानधन आहेच. त्यात मान आहे, मावशी."

"मग मान तुमी ठेवा, सायेब. वेतन आमाला द्या."

आमदारांना हाही विनोदच वाटला. हसत हसत त्यांनी दुसरा पेढा उचलला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

समिती काही बसली नाही. बाई निवृत्त झाल्या आणि कंपनीच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटू लागल्या. महिना भरला तसा मालक त्यांच्या हातावर नोटा ठेवत म्हणाला, "घ्या मावशी, तुमचा पगार."

आयुष्यातला पहिला.