दाराच्या आतले दोन थेंब

चिखलीतल्या जुन्या लोखंडी फाटकांपाशी कधी थांबलात, तर आतल्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट फिरवून बघा. बऱ्याच ठिकाणी वेल्डिंगचे दोन गोल थेंब लागतील, शेजारी शेजारी, ज्वारीच्या दाण्याएवढे. ती माझ्या मित्राची सही. साखरखेर्ड्यापर्यंत त्याची फाटकं गेली आहेत आणि जुन्या सगळ्यांवर ते थेंब आहेत. मात्र मधल्या सात वर्षांत त्यानं केलेल्या कामावर ते सापडत नाहीत. ते बंद पडले ते माझ्यामुळे, आणि ही गोष्ट मी सात वर्षं कुणाला सांगितली नाही.

आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात होतो. मी पहिला यायचो आणि तो माझ्या वहीतून गणितं उतरवायचा. दहावीनंतर तो वडिलांच्या दुकानात वेल्डिंगला बसला. मी शिकलो आणि त्याच शाळेत संगणक शिकवायला लागलो. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येतो, एकही वर्ष चुकलेलं नाही.

आमची शाळा भुसार बाजाराच्या मागे आहे. धान्य आहे तिथे उंदीर आहेतच. ते संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात शिरायचे, वायरी कुरतडायचे, आत घर करायचे. मी ठरवलं, जाड पोलादी पत्र्याचा डबा वेल्डिंग करून घ्यायचा, हवेच्या भोकांना बारीक जाळी लावायची आणि तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचा. आलेखाच्या कागदावर मिलिमीटरमध्ये आकृती काढली आणि त्याच्या दुकानात गेलो.

त्यानं कागद बघितला आणि घडी करून मला परत दिला. तो इंच आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, काम करणारा माणूस. म्हणाला, "माप नको सांगू, वस्तू आण." मी एक जळालेला मदरबोर्ड नेऊन दिला. त्यानं तो पुठ्ठ्यावर ठेवला, प्रत्येक भोकातून खिळा टोचला, पुठ्ठा पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. दहा मिनिटांत माझी आकृती निकामी झाली.

पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकडा होतो. तो एका कोपऱ्याला टाका मारायचा, मग समोरच्या कोपऱ्याला, मग बिडी पेटवून पत्रा निवायची वाट बघायचा. मी स्टुलावर बसून त्याचे हात बघायचो. डबा झाला तेव्हा त्यात माझ्या आकृतीत नसलेली एक गोष्ट होती. मदरबोर्ड बसतो ती पाटी त्यानं ड्रॉवरसारखी सरकती केली होती. दार उघडायचं, पाटी ओढायची, सगळं यंत्र बाहेर. दुरुस्तीसाठी माझी बोटं इतकी वर्षं त्या अरुंद डब्यात सोलली होती आणि हे मला सुचलं नव्हतं.

शाळेत डबा आला आणि मुलं त्याच्याभोवती जमली. मुख्याध्यापकांनी ती पाटी पाच-सहा वेळा आत-बाहेर केली आणि विचारलं, हे कुणाचं डोकं? मी त्याचं नाव सांगितलं. सांगावंच लागलं. लॅबमधल्या बाकीच्या संगणकांचे डबेही त्याच्याकडूनच करून घ्यायचं तिथेच ठरलं. घरी बायको म्हणाली, भाऊंच्या हातात कला आहे. मी हो म्हणालो आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ जास्त नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू फळ्यावर समजावत आलो, आणि ज्याला मी गणितं उतरवू दिली त्यानं पुठ्ठा आणि खिळा घेऊन माझ्यापेक्षा चांगलं काहीतरी केलं होतं.

प्रदर्शनासाठी मी ॲल्युमिनियमची एक पट्टी कोरून आणली. 'संकल्पना व निर्मिती', आणि खाली माझं नाव. लोक दार उघडून बघणार, म्हणून ती दाराच्या आतल्या बाजूला लावायची होती. लावायला गेलो तर कोपऱ्यातल्या त्या दोन थेंबांवर ती डुगडुगायला लागली. वर भरपूर जागा होती. पट्टी दोन बोटं वर सरकवली असती तर चाललं असतं. मी सरकवली नाही.

ग्राइंडर मी त्याच्याच दुकानातून मागून आणलं. शाळेतल्या बाकाचा पाय घासायचा आहे, असं सांगितलं. त्यानं ग्राइंडर दिलं, वर स्वतःचा चष्मा काढून दिला आणि ठिणगी डोळ्यात जाते, जपून कर, म्हणाला.

रविवार होता, शाळेत कुणी नव्हतं. डब्यातलं संगणकाचं यंत्र आधी बाहेर काढायला हवं होतं. लोखंडाचा कीस सर्किटवर पडला तर काय होतं हे मी दर वर्षी नववीला शिकवतो. पण मला घाई होती. मी पाटीवर नुसता वर्तमानपत्राचा कागद टाकला आणि ते दोन थेंब घासून काढले. अर्ध्या मिनिटाचं काम. तिथे पत्रा चकचकीत झाला आणि त्यावर माझं नाव सपाट बसलं.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी बटण दाबलं. पंखा फिरला, आत काहीतरी फट् झालं आणि जळका वास आला. कुणाला इजा झाली नाही, पण पाहुणे दोन पावलं मागे सरले. मुख्याध्यापक सगळ्यांच्या देखत म्हणाले, "लोहाराकडून संगणकाचा डबा करून घेतला की असंच होणार." मी शेजारी उभा होतो. संध्याकाळी उघडून बघितलं तर पंख्याच्या चुंबकाला कीस चिकटला होता, मिशीसारखा. मी तो रुमालानं पुसून घेतला.

बाकीचे डबे करून घेणं रद्द झालं. बाजारात बोललं गेलं की त्याच्या कामात करंट उतरतो. एका पालकानं मुलांच्या सायकल स्टँडचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो शाळा सुटल्यावर लॅबमध्ये आला. मला वाटलं, भांडायला आला. तो शेवटच्या बाकावर बसला, दहावीत बसायचा तसाच.

"कुठं चुकलं माझं, सांग," म्हणाला. "पोरं हात लावतात त्याले. कोणाले काही झालं असतं तं?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्याऐवजी मी खडू घेतला. फळ्यावर डबा काढला आणि त्याला समजावलं की वेल्डिंग करताना उडालेले शिंतोडे आतून नीट घासलेले नव्हते, त्यातले काही सुटले, पंख्यानं ते ओढले आणि सर्किटवर पडले. चांगलं समजावलं. मला समजावता येतं. तो फळ्याकडे बघत मान हलवत होता. मग त्यानं विचारलं,

"म्हणजे माझे ते दोन थेंब? तेबी सुटू शकतात?"

"हो," मी म्हणालो.

एवढं सोपं गेलं ते. मी एका डब्यावरून त्याची सही पुसली होती, आणि त्या एका शब्दानं त्यानं स्वतः ती सगळीकडून काढून टाकली.

त्यानंतर तो प्रत्येक काम आतून घासायला लागला. कुणाचा हात कधी पोचणार नाही अशा जागी कानस घालून शिंतोडे काढायचा. काम उशिरा व्हायचं, गिऱ्हाईक कटकट करायचं. नवीन फाटक लागलं की मी जाता जाता आत हात घालून खालचा कोपरा चाचपायचो. तो मोकळा लागला की लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, त्याखाली कुठेतरी थोडं बरंही वाटायचं.

यंदा हिवाळ्यात बायकोनं जिन्याच्या कठड्यासाठी त्यालाच बोलावलं. कठडा एका दिवसात उभा राहिला. शेवटच्या खांबाला नुसता टाका होता, पक्कं वेल्डिंग बाकी होतं. पण आधी तो दोन दिवस जिन्याखाली पाठीवर पडून कानस चालवत राहिला. बायको चहा घेऊन गेली आणि म्हणाली, भाऊ, तिथं कोण बघायला येणार आहे?

"वहिनी, मास्तरनं शिकवलं मले," तो खालून म्हणाला. "नाही घासलं तं धोका असते."

ती आत गेल्यावर मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ग्राइंडर, पट्टी, वर्तमानपत्र, रुमाल, फळा. कानस थांबली. तो बाहेर आला, हात पुसले आणि कानस पिशवीत टाकली.

"मले वाटत होतं, चिकटलेला थेंब सुटत नसते," म्हणाला. "पण तू सांगितलं ना. सात वर्षं घासून राह्यलो मी, बे."

मी माफी मागायला लागलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"शाळेत सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यला? माझं नाव तिथं गेलं. तिथं सांग आधी."

त्यानं मशीन उचललं आणि तो गेला. चहा तसाच राहिला.

सोमवारी मी शिक्षकांच्या खोलीत उभा राहून सांगितलं. जुने मुख्याध्यापक निवृत्त झालेत. नव्या शिक्षकांना कोणता डबा हेच कळेना. एक जण म्हणाला, सर, एवढं काय मनाला लावून घेता? फक्त आमच्या शिपायानं, ज्यानं तो डबा प्रदर्शनात डोक्यावरून नेला होता, माझ्याकडे बघितलं आणि हातातली घंटेची हातोडी खाली ठेवली. नंतर मी जुन्या मुख्याध्यापकांच्या घरी गेलो आणि सायकल स्टँडवाल्या त्या पालकाकडेही. मग दुकानात जाऊन मित्राला सांगितलं. कोण कोण होतं ते त्यानं विचारलं, एकेक करून. मी सांगितलं.

दोन दिवसांनी तो आला आणि शेवटचा खांब पक्का करून गेला. या वेळी घासला नाही. तो वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो, मग जिन्याखाली वाकून बोट फिरवलं. शिंतोडे लागले, खरखरीत. थेंब नव्हते.

परवा बुलडाण्याच्या रस्त्यावर एका नव्या घराला त्यानं फाटक लावलेलं दिसलं. घरमालक बाहेर नव्हते. मी आत हात घालून खालचा कोपरा चाचपला. दोन होते, शेजारी शेजारी. मी तिथे वाकून उभा होतो आणि मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, ज्याचं ते घर होतं.