मेजरसाहेबांची कबुली

तेर गावचे अमृत सोनवणे बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आले आणि सोयाबीन, हरभऱ्यात रमले. बोलणं बेताचंच. गावच्या शाळेतल्या क्षमाबाईंनी 'थोर सेनापती' या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा त्यांनी लढाया आणि सनावळ्या पाठ करून नेल्या.

पहिलीच लढाई सांगत होते, तोच अर्पिता नावाच्या मुलीनं हात वर केला. "आजोबा, तुम्ही स्वतः बघितलाय का असा कुणी?"

अमृतरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"सेनापती न्हाय. एक मेजरसाहेब बघितले. बर्फात होतो आमी. वरच्या चौकीवर जायचं ठरलं. म्या वाऱ्याचा रंग बघून म्हणलं, साहेब, आज नको. ते म्हणले, निघायचं. अर्ध्या वाटंत वादळानं गाठलं. जीव वाचले, पण बर्फानं माझी ही करंगळी गेली."

त्यांनी डावा हात पुढं केला.

"खाली आल्यावर साहेबांनी सगळ्यांना रांगंत उभं केलं. म्हणले, अमृत नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. चूक माझी. वरच्या साहेबांना पाठवलेल्या कागदावरबी तेच लिहिलं. त्यांची बढती अडली त्यापायी."

"मग ते थोर कसे? चुकले की ते," अर्पिता म्हणाली.

क्षमाबाई तिला गप्प करायला निघाल्या. अमृतरावांनी हातानंच थांबवलं. पोरीचं खोटं नव्हतं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनीही हेच म्हटलं होतं. साहेब दर रविवारी यायचे, खाटेशी बसायचे, आणि अमृतराव भिंतीकडं तोंड करून पडायचे.

"चुकले, व्हय," ते सावकाश म्हणाले. "दोन महिने म्या बोललो न्हाय त्यांच्याशी. पण तवापासून एक झालं. नवा शिपाईसुद्धा त्यांना तोंडावर सांगायचा, साहेब, हे जमणार न्हाय. आन् ते ऐकायचे. त्यांच्या हाताखाली पुढं एकबी माणूस दगावला न्हाय आमचा. लढाई जिंकणारे लई असतील पोरी. ज्याच्याम्होरं खरं बोलायला भ्या वाटत न्हाय, असा एकच बघितला म्या."

"राग गेला मग तुमचा?"

"पुढच्या वर्षी साहेबांसंगं त्याच चौकीवर जायची यादी लागली. माझं नाव त्यांनी घातलं न्हवतं. म्या जाऊन घालून घेतलं."