बोर्डावरचा बटाटा

कुल्फीच्या दुकानावरच्या झकास फोटोत कुल्फी नाही, उकडलेला बटाटा आहे, हे कळलं तर तुम्ही काय कराल?

दुकानाचे शेठ मात्र खूश होते. माझ्या लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाले, "बस! हाच फोटो ओके. मॅडम, मानलं तुम्हाले."

स्क्रीनवर बटाटा होता.

मी खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढते. आमच्या धंद्यात एका पदार्थाचे दोन अवतार असतात. लाइट लावताना, अँगल ठरवताना जो समोर ठेवतात तो 'स्टँड-इन', म्हणजे बदली. शेवटचा फोटो ज्याचा काढतात तो 'हिरो'. मेच्या नागपुरात लाइटखाली खरी कुल्फी कितीशी टिकणार? म्हणून आधी कुस्करलेला आलू साच्यात दाबायचा, वर केशराचं पाणी आणि पिस्ते लावायचे, आणि हिरो अगदी शेवटी आणायचा. स्टँड-इन खोटा असला तरी चालतो. त्याचा फोटो बाहेर जात नाही.

शेठचं सीताबर्डीत कुल्फीचं दुकान. त्यावर नवा बोर्ड लावायचा होता. तो जमला तर त्यांच्या बाकीच्या दुकानांचं कामही माझंच. स्टुडिओ नवा होता आणि उन्हाळा रिकामा चालला होता. हे काम मला हवंच होतं.

"शेठ, हा आलू आहे. आता तुमची कुल्फी काढा."

सोबत आणलेल्या बर्फपेटीतून त्यांनी कुल्फी काढली. मी फोकस करेपर्यंत तिला पाणी सुटलं. दूध एकीकडे, पाणी दुसरीकडे, मध्ये बर्फाचे खडे. दुसरीचंही तेच. तिसरी तर काडीवरूनच घसरली.

"ऊन आहे ना," शेठ म्हणाले.

"एसी चालू आहे शेठ. हिच्यात दूध किती आणि पाणी किती?"

"तुम्ही फोटो काढता का तपासणी करता? आलूच राहू द्या. फोटो कोन खाऊन राहिलं?"

मी एक दिवस मागून घेतला. लाइटखाली खरी कुल्फी उभी राहते, हे त्यांना दाखवायचंच होतं.

घरी येऊन म्हटलं, "आई, लाइटखाली टिकेल अशी कुल्फी पाहिजे."

"काहून वं, तुहा कॅमेरा चाखून पाहते का?" म्हणत तिने जाड बुडाचं पातेलं काढलं.

म्हशीचं दूध, मंद आच. कडेला धरलेली साय खरवडून परत दुधात. मी गॅस मोठा करायला गेले तर हातावर आईचा सराटा, म्हणजे उलथणं, बसला. "लागन ना खाली! दूध काही तुह्या शेठचं नोकर नाही." तिसरा हिस्सा उरला तेव्हा कुठे साखर पडली. मग वेलची. गार झाल्यावर साचे भरले, झाकणं कणकेने बंद केली आणि बर्फ व खडेमीठ भरलेल्या मटक्यात खोचले. मिठामुळे बर्फ आणखी थंड होतो, कुल्फी लवकर गोठते आणि तिच्यातले बर्फाचे कण बारीक राहतात. शिवाय आटलेल्या दुधात पाणीच थोडं. खडे होणार कशाचे?

"मटका हालवत राह्य," आई म्हणाली. हलवला. दंड भरून आले.

दुसऱ्या दिवशी मटका मांडीवर घेऊन ऑटोने स्टुडिओत पोचले. शेठ समोर बसले होते. कुल्फी उभी राहिली. एक जाड थेंब कडेने सावकाश उतरला, तो उतरताना मी क्लिक केलं.

शेठनी ती कुल्फी चाखली. मग पूर्ण खाल्ली.

"खवा टाकला का?"

"नाही. नुसतं दूध."

"हाच फोटो लावा बोर्डावर."

जिंकलेच होते. फाइल द्यायला पेनड्राइव्ह घेतला आणि हात थांबला. वर बोर्डावर आईची कुल्फी, खाली काउंटरवर शेठचं पाणी. म्हणजे हाही बटाटाच की! फक्त गोड.

"शेठ, अशी बनवून विका. फोटो आत्ता देते."

"दूध आटवत बसू? मले दुकान चालवाचं आहे."

"मग तुमच्याच कुल्फीचा काढते. जशी आहे तशी."

"अन् लोकं हसतीन!"

"मग हा फोटो मिळणार नाही."

"काम दुसऱ्याले देईन, पोरी. समजलं का?"

"समजलं."

त्यांनी दुसऱ्याला दिलंच. बोर्ड आता लागला आहे. कुल्फी ताठ, चकचकीत, एक थेंब नाही. बटाटा मी लांबूनही ओळखते. बाकीच्या दुकानांचं कामही गेलं. आई म्हणाली, "आलू महाग असन. नाही तर कुल्फीतही तोच घातला असता त्यानं."

फोटो कोणी खात नाही, हे शेठचं खरं. पण लोक फोटो बघूनच खातात. म्हणून बटाट्याने स्टँड-इनच राहावं. त्याला हिरो केलं की फसतं ते गिऱ्हाईक.

आता एक काम तुमचं. या रविवारी घरी दूध आटवा, तिसरा हिस्सा उरेपर्यंत. ती कुल्फी एकदा खा, म्हणजे जिभेला माप कळेल. मग दुकानात जा, कुल्फी घ्या, हातातली प्लेट बोर्डावरच्या फोटोशेजारी धरा आणि काउंटरवर मोठ्याने विचारा, "यातली कोणती विकता?" उत्तर मिळेपर्यंत हलू नका. कुल्फी वितळली तरी.