दिवाणाखालचा वास

माझ्या घराला कसलाही वास येत नाही, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं.

इरा, निहार, तुमची आई हा प्रसंग तुम्हाला कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. नाशिक रोडला कॉलनीत आमचं तीन खोल्यांचं घर होतं. त्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागी असे (तुमचे आजोबा सोडून, ते कुठेही असत). मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई, म्हणजे माझी माधवी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून लागली होती आणि तिथेच तिला तुमचे बाबा भेटले होते, तेही इंजिनिअर. दोघांचं ठरलं होतं. अडलं होतं ते बाबांच्या आईपाशी, म्हणजे तुमच्या निफाडच्या आजीपाशी.

त्यांना माधवीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार माझ्याबद्दल होती. त्यांचं म्हणणं तुमच्या बाबांनी माधवीला सांगितलं आणि माधवीने, नको तेवढ्या प्रामाणिकपणे, मला: "पोरगी चांगली हाय. पण आई इंग्रजी शिकवती. तसल्या घरात चप्पल कुठं काढायची तेबी विचारावं लागतं. आपल्याला नाय झेपायचं."

तरीही श्रावणातल्या एका रविवारी घर बघायला यायचं त्यांनी कबूल केलं. पसंत पडलं तर होकार, नाहीतर विषय बंद.

"आई, त्या आल्यावर जरा साधी वाग," माधवी म्हणाली.

"मी साधीच वागते."

"पाहुण्यांनी ठेवलेला कप सरळ करू नकोस."

मी घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघराच्या गॅलरीत उन्हाळ कांद्याची गोणी होती. गोणी म्हटली की पसारा. मी ती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, सुतळीने चारी बाजूंनी घट्ट आवळली आणि बाहेरच्या खोलीत दिवाणाखाली सरकवली. वरून जमिनीपर्यंत येणारा पलंगपोस घातला. कांदा दिसेना, टरफल उडेना. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पंधरवडा गेला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या कमलताई वाटी परत द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो बाई, उंदीर मेलाय का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे?" मी म्हणाले. (माझ्याकडे उंदीर जगायलासुद्धा येत नाहीत, मरायला कुठले?)

पण कमलताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मी नाक वर करून खोलीभर फिरले. काही नाही. माधवी फिरली. काही नाही. तुमच्या आजोबांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं नाक आषाढात बंद होई ते दिवाळीला उघडे.

आता यामागचं शास्त्र मला ठाऊक होतं. एका इंग्रजी मासिकात मी ते वाचलं होतं. मेंदू हा कारकुनासारखा असतो. तोच अर्ज पुन्हा पुन्हा आला की न वाचता बाजूला ठेवतो. रोजचा वास तो आपल्याला कळवतच नाही. म्हणजे आमची नाकं निकामी होती. ताजं नाक हवं होतं, आणि ते कमलताईंच्या चेहऱ्यावर होतं.

"कमलताई, जरा सगळीकडे हुंगून सांगता का?"

"मी काय पोलिसांचं कुत्रं आहे?" असं म्हणत त्या आत आल्याच. मोरी हुंगली, कपाटाची मागची बाजू हुंगली, आजोबांचे बूट हुंगले (आणि लगेच खाली ठेवले). दिवाणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "इथे जास्त वाटतंय. खाली काय आहे?"

"कांदे. पण ते नसणार. मी ते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेत."

मी इतक्या खात्रीने सांगितलं की त्यांना ते पटलं. नाशिक जिल्ह्यात राहून कांदा हवाबंद करणारी मी एकटीच असेन, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी त्यांना चहा पाजला, पुन्हा एकदा खोलीभर फिरवलं आणि विचारलं, "आता?"

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "आता नाही येत बाई कुठेच."

"गेला तर!" मी म्हणाले. त्यांच्या कारकुनानेही आता अर्ज बाजूला ठेवलाय, हे ओळखण्याइतकी मी शास्त्रज्ञ नव्हते.

तरी खबरदारी हवीच. सुवासाने मेंदू निवांत होतो, माणूस मोकळा होतो, असं त्याच मासिकात होतं. रविवारी सकाळपासून मी मंद गॅसवर पातेलंभर पाण्यात मूठभर लवंगा आणि दालचिनी उकळत ठेवली. माधवी म्हणाली, "आई, घर आहे की मसाल्याचं दुकान?" मी म्हणाले, "होकार आला की आभार मान."

पाहुणे आले. निफाडच्या आजी धिप्पाड, नऊवारीत, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. निफाडचे आजोबा हसतमुख. बाबा घामेजलेले. आजींनी उंबऱ्यात विचारलं, "चप्पल कुठं काढायची?" माधवीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कुठेही काढा," आणि त्यांनी कुठेही काढलेल्या चपलेकडे मी पाठ केली. तुम्हाला कल्पना नाही येणार मला काय काय सोसावं लागलं.

निफाडच्या आजोबांना मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराजवळ, सुवासात बसवलं. त्यांचं हसू मावळलं. हळूहळू हात गालावर गेला.

"काय होतंय?" आजींनी विचारलं.

"दाढ," ते दातांवर दात दाबून म्हणाले. "डॉक्टरनं उपटली तवा असाच वास होता. लवंगाच्या तेलाचा. चल, निघू."

"अहो, ती दाढ उपटून किती वर्षं झाली."

"आता दुखायलीय. चल."

माधवीचा चेहरा पांढरा पडला. बाबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी गॅस बंद करायला धावले आणि घाईत मिक्सरच्या वायरीत पाय अडकून ठिणगी उडाली. घराचा फ्यूज गेला. वीज केंद्रातले दोन इंजिनिअर समोर असून दोघंही वर थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिले.

इतका वेळ तो पंखा सगळा वास खिडकीबाहेर ढकलत होता. आता हवा थांबली. आणि दिवाणावर बसलेल्या निफाडच्या आजींनी मान वर करून एक लांब श्वास घेतला.

"कांदा सडलाय," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "नाही, नाही, तो दालचिनीचा..."

तोवर त्या खाली बसल्या होत्या. पलंगपोस वर गेला, गोणी बाहेर आली, सुतळी तुटली. मग जो वास आला तो माझ्यासुद्धा मेंदूने कळवला. तुमचे आजोबा श्रावणात शिंकले, यावरून ओळखा.

"पिलॅश्टिकात कांदा कोण बांधतं हो बाई?"

"मी," मी म्हणाले. त्या क्षणी माझ्यात इंग्रजीचा एक शब्द शिल्लक नव्हता.

पण आजी उठेनात. डोळे मिटून तिथेच मांडी घालून बसल्या आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागल्या. "आमच्या दादांची, म्हंजी वडलांची, कांदा साठवायची चाळ होती. पाऊस लागला की आम्ही भावंडं आत बसून सडका कांदा निवडायचो. असाच वास यायचा. दादा पदराखाली... छे, धोतराच्या सोग्यात गूळ-शेंगदाणे घेऊन यायचे. दादा गेल्यापास्नं चाळीत पाय नाय ठेवला मी." त्यांनी पदराने डोळे पुसले. (वास कांद्याचाच होता, पण ते पाणी कांद्याचं नव्हतं.)

काय करावं मला सुचेना. माधवीला सुचलं. तिने नव्या साडीचा पदर खोचला, शेजारी बसली आणि गोणीत कोपरापर्यंत हात घातला. "हा चालेल का हो?"

"टाक तो. दाबून बघ, मऊ लागला की टाकायचा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, मला वाटलं होतं तुमच्याकडं दवाखान्यासारखं असंल. हे तर लय माणसांचं घर हाय. अहो, ऐकलं का? मला पसंत हाय."

निफाडच्या आजोबांनी गालावरचा हात न काढता सांगितलं, "मलाबी. पण आधी ते पातेलं घराबाहेर न्या."

अशा रीतीने माझा सुवास नापास झाला आणि सडका कांदा पास. वासाची वाट मेंदूत थेट आठवणींच्या दारात जाते, हे त्याच मासिकात पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं.

एवढं सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. दिवाळीच्या फराळाचं खोकं तुमच्याकडे पोहोचलं तेव्हा, इरा, तू फोनवर म्हणालीस, "आजी, खोकं उघडलं आणि तुझ्या घराचा वास आला." मी विचारलं, "कसला?" तू म्हणालीस, "तुझ्या घराचा." आणि फोन आईने घेतला.

तेव्हापासून मी पडदे हुंगतेय, उशा हुंगतेय, साड्यांच्या घड्या हुंगतेय. मला काही येत नाही. कमलताईंना बोलावलं होतं, पण इतकी वर्षं माझ्याकडे चहा पिऊन त्यांचंही नाक आता घरचंच झालंय. तेव्हा खरं काय ते तुम्हीच सांगा. चंदनाचा असेल तर मला कळवा. कांद्याचा असेल तर निफाडच्या आजीला कळवा. कुणाला तरी आनंद होऊ दे.