अजून कणकण हाय

मामा गाडीपाशी आले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे आणि उजवा तळहात इंजिनावर टेकवायचे. पोराचा ताप बघतात तसा. मग मान हलवायचे. "अजून कणकण हाय, वैनी. निवू द्या."

आणि जाऊन सुरूच्या झाडाच्या सावलीत बसायचे. मी इकडे धुमसत! भाट्याच्या किनाऱ्यावर माझ्या दोन एटीव्ही आहेत. पर्यटकांना वाळूत फिरवायच्या चार चाकांच्या मोटारसायकली. सुट्टीच्या दिवसांत गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हे गृहस्थ निवांत पान लावतायत. मी तोंडाने फटकळ, आमच्या वाडीत कुणालाही विचारा. "मामा, इंजिन आहे ते, बाळंतीण नव्हे!" मी म्हणायचे.

"बाळंतीण परवडली," मामा पान गालात सारत म्हणायचे. "ती सांगते तरी काय दुखतंय ते."

मामा माझे नात्याने कोणी नव्हेत. हातखंब्याच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज. तरुणपणी मुंबईत काम शिकले आणि गावाकडे परत आले. वॉल्वच्या कामात आमच्याकडे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता हे वॉल्वचं काम म्हणजे काय, तर इंजिनात वॉल्वच्या डोक्यावर टिकलीएवढी पोलादी चकती बसते. तिला शिम म्हणतात. गाडी वाळू खात राहिली की वॉल्व वर सरकतो, वरची फट कमी होते, आणि मग तापलेली गाडी काही केल्या सुरू होत नाही. तेव्हा जुनी शिम काढून थोडी पातळ घालायची. फट मोजायला बारीक पत्र्याच्या पट्ट्या असतात. पट्टी फटीतून ओढायची आणि ती किती अडते ते बोटांनी ओळखायचं. हे सगळं थंड इंजिनावर. गरम असलं तर माप खोटं येतं.

तुम्ही म्हणाल, पट्टीवर आकडे असतात की. असतात. मामा म्हणायचे, "आकडा सगळ्यांना वाचता येतो वैनी. वढ बोटात पायजे. बोटं गेली की मी पानाची टपरी टाकणार."

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. एक गाडी तापली की बंद पडत होती, म्हणून मामांना बोलावलं. ते आले तेव्हा ती नुकतीच फेरी मारून आली होती. मामांनी पिशवी ठेवली, तळहात टेकवला आणि म्हणाले, "निवलं. खोलूया."

मला नवलच वाटलं. इतक्या लवकर? मी सहज बोट लावलं आणि "आई गं!" करून मागे आले. सणसणीत चटका. मामांचा हात मात्र तसाच इंजिनावर. मी त्यांचं मनगट धरून ओढलं. तळहात लालभडक झाला होता. मामा त्याच्याकडे बघत राहिले, हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

नळाखाली हात धरून उभे होते तेव्हा म्हणाले, "साखरेनं खाल्लंन, वैनी. पायांना आधीच काय कळत नव्हतं. आता हात पण." आणि मग अगदी हळू, "नाक्यावर कुणाजवळ बोलू नका. माणसं माझ्या हाताकडे बघून येतात."

मी नळ आणखी मोठा सोडला.

इंजिन निवलं. या खेपेला तळहात मी लावून बघितला. मामांनी खोललं, आणि पट्टी माझ्यापुढे धरली. "तुम्ही वढा. मला फक्त सांगा कशी येते."

"येतच नाही. फणसाच्या चिकात सुरी रुतावी तशी."

"मग घट्ट हाय." त्यांनी चिमट्याने शिम बदलली. डोळे शाबूत होते अजून. "आता?"

"आता सुळकन येते. काही लागतच नाही."

"जास्त झाली. ही बघा." पुन्हा चिमटा, पुन्हा पट्टी.

मी ओढली. पुन्हा ओढली. "मामा, मोदकाच्या पारीवरनं तुपाचं बोट फिरतं ना, तशी. लागते, पण जाते."

"बास!" मामा एवढ्यांदा ओरडले की गिऱ्हाईक दचकलं. "हीच ती वढ!"

गाडी लागली ती पहिल्या बटणाला. मामांनी डोळे पुसले.

मग नाक्यावरची वॉल्वची कामं ते माझ्या पडवीत आणायला लागले. लोकांना सांगायचे, "भाट्याला वारा असतो, इंजिन झटक्यात निवतं." समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात इंजिन उघडायचं हा शुद्ध वेडेपणा. पण मामांपुढे बोलणार कोण? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची ती मामांची पाठ. पट्टी माझ्या हातात असायची आणि आमचं चालायचं फणस, तूप, पारी. मी चुकले की करवादायचे, "वैनी, स्वयंपाकात मन नको, इकडे द्या!" मीही सोडायचे नाही. "मग ओढा तुम्हीच!" असं एकदा बोलून गेले. मामा हसले, म्हणून बरं.

गेल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळली आणि मामा गेले. तेराव्याला नाक्यावरचे झाडून सगळे मेकॅनिक आले होते. एकाने जेवता जेवता विषय काढला, "पण काय बोटं होती मामांची! शेवटी शेवटी केलेली इंजिनं बघा, अजून हूं की चूं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाढत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदराला बोटं पुसली.

"होय हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत शाबूत होती."