सातपुड्यावरच्या दोन माश्या

माझ्या बायकोच्या मामांइतकं जपानी लिखाण डोळ्यांखालून घातलेला, आणि त्यातलं एकही अक्षर न कळलेला माणूस तापीच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, आणि खुद्द जपानात तर नसणारच. सारंगखेड्याजवळ त्यांची कापूस-केळीची शेती. सत्तरी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा-पायजमा, डोक्याला टोपी. असा मनुष्य संध्याकाळी म्हशींच्या धारा काढून झाल्या की हातपाय धुतो, देवापुढे दिवा लावतो आणि जुन्या डबा टीव्हीसमोर मांडी घालून गेम खेळायला बसतो, हे मी शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मलाच वेड्यात काढलं. बरं, गेमही साधा नाही. उड्या मारायच्या, गोळ्या घालायच्या, असला पोरखेळ मामांना वर्ज्य. त्यांना लागायचा तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, जपानी मजकुराने गच्च भरलेला गेम. त्यात इटुकली माणसं झाडाखाली उभी राहून एकमेकांशी बोलत राहतात आणि बराच वेळ काहीही घडत नाही. मला तो बघताना ग्रामसभेची आठवण यायची.

हे वेड त्यांना लागलं सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत. मामा गेले होते घोडी बघायला. नंदुरबारचे एक चाचा सुरतेहून टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटी आणून तिथे पाल टाकून विकत. ज्या कॅसेटीत मारामारीऐवजी नुसती अक्षरंच निघायची, ती कॅसेट पोरं दुसऱ्या दिवशी शिव्या देत परत आणून टाकायची. अशा कॅसेटींच्या ढिगापुढे चाचा कपाळाला हात लावून बसले होते. "इसको कौन लेगा?" असं ते स्वतःशीच म्हणाले आणि मामा पाठीमागून म्हणाले, "मी लेस ना!" घोडी राहिली यात्रेत आणि मामा पिशवीभर कॅसेटी घेऊन घरी आले. पुढे चाचा दरवर्षी परत आलेल्या कॅसेटी खास मामांसाठी बाजूला काढून ठेवू लागले. एखादी कॅसेट जितकी जास्त जणांनी परत केली असेल तितकी मामांना ती जास्त भारी वाटायची. "बठ्ठासनी नाकारेल शे, म्हनजे काहीतरी शे तिम्हा," असं ते म्हणायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं मत साधारण हेच असावं, नाहीतर माझ्यासारख्या जावयाशी त्यांनी इतका लोभ ठेवला नसता.

खेळण्याचे त्यांचे नियम होते. गेममधल्या गावात शिरलं की प्रत्येकाला भेटायचं, एकालाही वगळायचं नाही. भेटलेला माणूस रोज तेच चार शब्द बोलतो हे माहीत असूनही भेटायचं. मी एकदा म्हटलं, मामा, वेळ वाचेल. तर म्हणाले, "गावमा जाई ऱ्हायना नि रामराम नही करा? कोनी मानूस म्हनी का?" एका विहिरीजवळ पिपाणीसारखं उदास गाणं वाजायचं. तिथे ते आपल्या माणसाला उभं करून ठेवत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. डोळे तरी कशाला मिटायचे म्हणा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की मामा शेताकडे निघून जायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा खापरावरची पुरणपोळी आणि रसोई, म्हणजे तिकडची झणझणीत आमटी, पोटभर वाढून मला टीव्हीपुढे बसवलं. "मास्तर शेतस ना तुम्ही? मंग वाचा, हाऊ बुढा काय म्हनस?" मी मराठीचा मास्तर, जपानी मला काय कळणार! पण नवा जावई, अंगात नसती मिजास. मी ठोकून दिलं, "पूल तुटला आहे, म्हणतो." दोन महिन्यांनी गेलो तर मामी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "जवाई, पूल काही सापडना नही." दोन महिने दोघं नवराबायको तो पूल शोधत होती. मी तोंड भरून हसलो आणि ती गोष्ट पुढे कित्येक लग्नांच्या पंगतीत रंगवून सांगितली. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आता मामींविषयी सांगायला हवं, कारण खरा गेम त्याच चालवत. त्यांच्या लाडक्या कॅसेटीत खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. खेळ थांबवताना एका दाढीवाल्या राजाकडे जायचं, तो वीसेक अक्षरांचा मंत्र देणार, तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचा. एक रेघ चुकली तरी सगळं मुसळ केरात. मामा त्या राजाला तलाठी म्हणत आणि मंत्राला उतारा. "उताराबिगर आपली जमीनबी आपली नही ऱ्हास, हाऊ तं खेळ शे." मामांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे उतारा लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी तो भरायचंही काम चौथी शिकलेल्या मामींकडे. त्यांनी त्या परक्या अक्षरांना घरातली नावं दिली होती. एक विळा, एक गळ, एक चकली, एक बगळा, एक हाताचं कोपर. एका अक्षरात नुसतीच एक रेघ वर चढून खाली यायची, त्याला सातपुडा. काही अक्षरांच्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक टिंबं असत, त्या माश्या. मामा टीव्हीजवळ बसून ओरडत, "गळ! चकली! सातपुडा!" आणि मामी खाटेवर बसून लिहीत. ते झालं की त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, पडद्याच्या काचेवर बोट फिरवत एकेक अक्षर ताडून बघायच्या आणि मगच टीव्ही बंद व्हायचा. अशा अकरा वह्या भरल्या.

चार वर्षांपूर्वी मामींच्या पायांवर सूज आली, मग पोटात पाणी झालं. सुरतेला न्यायचं ठरलं त्याच्या आदल्या संध्याकाळीही उतारा घेतला गेला. मामींनी पडल्या पडल्याच लिहिला. दोन दिवसांनी मामा म्हशींसाठी म्हणून घरी आले, त्यांनी उतारा भरला आणि तो लागला नाही. परत भरला, तरी नाही. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्यांनी दवाखान्यात फोन लावला. मी तेव्हा मामींच्या उशाशी बसलो होतो, फोन मीच त्यांच्या कानाला धरला. पलीकडून मामांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "चुकीनं लिखं तू! इतल्या वरीसनी मेहनत पानीमा गई!" मामी हळूच म्हणाल्या, "घर येवू द्या मले. मंग मी दखसू." त्या घरी आल्या त्या बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या, आणि त्यातच गेल्या.

त्यानंतर मामांनी दुसरी कॅसेट लावलीच नाही. रोज दिवा लावून झाला की अकरावी वही उघडायची, शेवटचा उतारा घ्यायचा, त्यातलं एकच अक्षर बदलायचं आणि भरून बघायचं. आज पहिलं, उद्या तेच, पण वेगळ्या आकाराचं. मी एकदा विचारलं, मामा, दोन अक्षरं चुकली असतील तर? ते माझ्यावर डाफरले, "ती दोन चुक्या करनारी बाई नव्हती." आपण तिला शेवटचं काय बोललो हे त्यांना विसरता येत नव्हतं. निदान तिची ती एक चूक सापडावी, ती किती बारीक होती ते बघावं आणि मनातल्या मनात तिला माफ करून टाकावं, एवढ्यासाठी हा माणूस चार वर्षं बसत होता. सुरतेला असलेला त्यांचा मुलगा नवा टीव्ही आणतो म्हणाला, तर कॅसेट घालायचा डबा त्याला जोडता येणार नाही म्हणून मामा नाही म्हणाले. जुन्या टीव्हीचा पडदा एका कोपऱ्यातून काळा पडत चालला होता. देवापुढचा दिवा सोडला तर घरात उजेडही तेवढाच.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गेलो तेव्हा मामा धारा काढत होते. मी आपला वह्या चाळत बसलो. मास्तरकीची सवय, लाल शाई दिसली की नजर तिकडे जाते. चाळलेल्या प्रत्येक पानावर अक्षरं निळी होती आणि माश्या लाल. पहिल्या वहीपासून तसंच. मामा आले तेव्हा मी विचारलं, हे असं का?

"बाया शेतस, नक्षी लागस त्यास्ले," मामा म्हणाले. "नि निया पेन मी खिसामा टाकी लेऊ, मंग ती दूधनी वहीना लाल पेन ले."

"म्हणजे तुम्ही सांगून संपल्यावर?"

"हां. ती उठी, टीव्हीजोडे जाई, मंग..."

मी शेवटचं पान उघडलं. सगळं निळं. लाल टिंब एकही नव्हतं. त्या संध्याकाळी मामी उठू शकल्या नव्हत्या.

मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या काचेवरच्या माश्या कधी दिसल्याच नव्हत्या. अकरा वह्यांत मामांनी एकही माशी सांगितली नव्हती आणि मामींनी प्रत्येक वेळी उठून, अवाक्षर न काढता, आपल्या हाताने ती बसवली होती. मामा बराच वेळ पानावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी सांगंच नही तिले. नि मीच तिले बोलनू."

जुन्या वह्यांशी ताडून पाहिलं, तर माश्या बसू शकतील अशी त्या उताऱ्यात सातच अक्षरं होती. कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते आलटून पालटून भरत दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी दुपारी मामांच्या चहावर साय धरली होती, आणि पडदा एकदम उजळला. दाढीवाला तलाठी समोर उभा होता आणि त्याच्यापुढे मामींनी सोडलं होतं तिथेच ते इटुकलं माणूस. तीन अक्षरांवरच्या माश्या राहिल्या होत्या.

मला वाटलं, आता मामा गावात शिरतील, सगळ्यांना रामराम करतील, विहिरीपाशी जातील. त्यांनी एक पाऊलही पुढे टाकलं नाही. तलाठ्याकडून तिथल्या तिथे नवा उतारा मागितला, वही माझ्या हातात दिली आणि मला खाटेवर बसायला सांगितलं. स्वतः गुडघ्यावर हात टेकून उठले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि काचेवर बोट ठेवून, ठेचकाळत, एकेक अक्षर सांगू लागले. मी खाटेवर होतो, पण ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते. खाटेच्या उशाकडे, जिथे मामी बसायच्या तिकडे मान वळवून, त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने ते म्हणाले, "सातपुडा... नि वर दोन माश्या शेतस. दोन. लिखी ले."