खंडेनवमीनंतरची पहिली गोळी

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो. साठच्या दशकातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दसरा होऊन तीनच दिवस झाले होते. सकाळी हजेरी चालू असताना पोलीस पाटील धापा टाकत आला.

"साहेब, आबानी नानाले गोळी मारी!"

आबा म्हणजे गावातला बागायतदार. पिकाच्या रक्षणासाठी त्याच्याकडे लायसन्सची रायफल होती आणि तिच्यावर मुंबईहून आणलेली दुर्बीण. नाना त्याचा बांधाशेजारी. दोघांचं पाण्याच्या पाटावरून भांडण होतं, आणि आठवड्यापूर्वी बाजारात ते हातघाईवर आले तेव्हा मी स्वतः त्यांना सोडवलं होतं. मग आणखी काय हवं? जागेवर पोचायच्या आधीच माझ्या डोक्यात केस तयार होती.

नानाच्या दंडाचं हाड मोडलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात त्याने जबाब दिला, "मी बांधवर बसीसन तमाखू मयी राह्यंतू. आबानी मन्हावर नेम धरीसन गोळी मारी."

शेतात पंचनामा करताना माझा शिपाई भुईमुगात वाकला. "साहेब, डुकराचे खूर. ताजे आहेत."

"डुकरं रोज येतात. पुढे चल," मी खेकसलो. खुरांची नोंद काही झाली नाही.

कोठडीत आबाचं एकच पालुपद. झुंजुमुंजू असताना बांधाआड बसून त्याने डुकरावर गोळी झाडली होती, नाना त्याला दिसलाच नव्हता. मी म्हटलं, "मग नेम चुकला म्हणा की!"

यावर तो असा ताठ झाला की जणू मी त्याला चोर म्हटलं. "मन्हा नेम चुकस नही साहेब. बठ्ठा गावले मालूम शे."

घ्या! आरोपीच माझी केस भक्कम करत होता. ज्याचा नेम चुकत नाही त्याची गोळी नानाला लागली, म्हणजे नेम नानावरच होता. खुनाचा प्रयत्न, कलम तीनशे सात. आबाची उरलेली वर्षं तुरुंगात जाणार हे त्याला कळत होतं, तरी नेम चुकला एवढं म्हणायला तो तयार नव्हता. गर्विष्ठ माणसं मी पुष्कळ पाहिली, पण गर्वापायी स्वतःच्या गळ्यात फास अडकवणारा हाच एक.

रायफल चालू स्थितीत असल्याचा दाखला हवा म्हणून मी ती धुळ्याच्या मुख्यालयात नेली. तिथला आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा जमादार, जुना, फाटक्या तोंडाचा आणि कामाचा पक्का. शंभर पावलांवर कागद लावून त्याने दुर्बिणीतून पाच गोळ्या झाडल्या आणि कपाळाला हात लावला.

"फौजदारसाहेब, या बघा. पाची गोळ्या एका वाटीत मावतील, पण सगळ्या खुणेच्या दीड फूट वर! रायफल उत्तम आहे. ही दुर्बीणच मान खाली घालून बसलीय."

"म्हणजे?"

"दुर्बीण मागून उचलली गेली की ती खाली बघते. मग तिच्यातली खूण डुकरावर आणायची तर नळी वर करावी लागते. गोळी जाते डुकराच्या पाठीवरून, पलीकडे."

पलीकडे नाना बसला होता.

दोन पंच बोलावून जमादाराने दुर्बिणीचे स्क्रू सोडले. मागच्या पकडीखाली कुंकवाने लाल झालेला, चेपलेला तांदळाचा दाणा होता. अक्षता! एक पंच हसायलाच लागला. मी मात्र मुकाट्याने कागदात लिहिलं : मुद्देमाल, तांदळाचा दाणा एक.

तो दाणा मी आबापुढे ठेवला. मग एकेक बाहेर पडलं. खंडेनवमीला पूजेसाठी त्याने दुर्बीण उतरवली होती, हत्यारावर अक्षता वाहिल्या होत्या आणि दुर्बीण स्वतःच परत आवळली होती. त्यानंतर खुणेवर गोळी झाडून पाहायला हवी होती. ती त्याने झाडली नाही.

"का नाही?"

"आबा नवशिकासारखा कागदले गोया मारी राह्यना, आशे लोके म्हनतीस ना!"

मी त्याला समजावलं, "हेच कोर्टात सांगा. नेम चुकला नाही म्हणाल तर खुनाचा प्रयत्न, चुकला म्हणाल तर निष्काळजीपणा."

मी कलम बदलून निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचं लावलं. सुनावणीला अख्खं गाव लोटलं. नाना हात गळ्यात बांधून मागे बसला होता. मॅजिस्ट्रेटनी विचारल्यावर आबा उभा राहिला, टोपी काढली आणि खाली मान घालून म्हणाला, "मन्हा नेम चुकना, साहेब."

मग मागून नानाचा आवाज आला, "नही रे आबा. तो तांदूय आडवा उना." मॅजिस्ट्रेटनी त्याला दटावलं, पण आबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याला दंड झाला, तो त्याने तिथेच भरला, आणि दोघं एकाच बैलगाडीने गावी गेले.

पुढे मी जिथे जिथे होतो तिथे खंडेनवमीची पूजा झाली की प्रत्येक रायफल चांदमारीच्या मैदानावर नेऊन तपासून घेतली. लोक हसले, हसू दिलं. आणि पंचनाम्यात शिपायाने दाखवलेली बारीकसारीक खूणही कधी सोडली नाही.

पण ते डुकराचे खूर त्या पंचनाम्यात आजही नाहीत. आबाने भर कोर्टात, गावादेखत, आपली चूक कबूल केली. मला माझी कबूल करायला निवृत्त व्हावं लागलं.